कापसाच्या गोदामातलं कोर्ट

अक्का,

परवा पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'धार्मिक, मनमिळाऊ व शांत स्वभावाच्या'. मजकूर माझ्या नवऱ्याने, प्रकाशनेच दिला होता, घाईघाईत, सगळ्यांचा असतो तसाच. तो वाचला आणि मला हसू फुटलं. ओसरीवर भेटायला आलेली माणसं बसलेली आणि घरातली धाकटी सून तोंडाला पदर लावून हसतेय. बायकांना वाटलं हुंदका आला. एकीने पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तर मला आवरेना. धार्मिक म्हणावं, तर साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून तू एकादशी धरायचीस. मनमिळाऊ होतीस, ते मान्य. पण शांत? तू मळ्यातून हाक मारलीस की बसथांब्यावरची माणसं मागे वळून बघायची.

तेव्हा पेपरात जे आलंय ते राहू दे. मी तुझ्याशीच बोलते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. एक-दोन गोष्टी मात्र मी कधीच सांगितल्या नाहीत.

मी असोद्याला लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पेटीत साड्यांच्या खाली दोन रॅकेटी होत्या. माझे वडील वरणगावला नोकरीला. आमच्या वसाहतीच्या क्लबात एक स्क्वॉशचं कोर्ट होतं आणि तिथले मार्करकाका, म्हणजे कोर्ट सांभाळणारे आणि साहेबांना खेळवणारे गृहस्थ, त्यांनी मला नवव्या वर्षापासून शिकवलं. मी राज्यात दोनदा पहिली आले, देशाच्या स्पर्धेत एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेले. मग लग्न ठरलं. प्रकाश बघायला आला तेव्हाच त्याने सांगितलं होतं की खेळ सोडायचं कारण नाही. तो मनापासून बोलला होता. पण असोद्यात खेळायचं कुठे? जळगावातही कुठे कोर्ट नव्हतं. रॅकेटी कपाटावर गेल्या. वर्षभर मी केळीच्या घडांची मापं शिकले, मजुरांचा चहा शिकले, आणि कुणी विचारलं तर सांगायचे की हो, पूर्वी खेळायचे.

तू माझी थोरली जाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, धुळ्याकडची, आणि इतकी वर्षं असोद्यात काढूनही तुझी माहेरची अहिराणी तू सोडली नव्हतीस. मला तुझी भीती वाटायची. तुझ्याशी मी 'अहो अक्का, तुम्ही' असं खाली बघून बोलायचे.

चैत्रातली दुपार होती. कापूस विकून झाला होता, मळ्यातलं गोदाम रिकामं पडलं होतं आणि घरातले सगळे आडवे झाले होते. मी रॅकेट पदराखाली धरून गोदामात गेले, दार लोटलं आणि भिंतीवर चेंडू मारायला लागले. फक्त दहा मिनिटं, असं स्वतःला बजावलं होतं. किती वेळ झाला कळलं नाही. घामाने पोलकं भिजलं होतं, खोचलेला पदर सुटला होता, आणि मागून तुझा आवाज आला.

"त्या भीतनी तुनं काय बिघाडं?"

मला वाटलं, संपलं. मी रॅकेट पाठीमागे लपवायला गेले. तू पुढे आलीस, ती माझ्या हातातून काढून घेतलीस आणि हातावर तोलून पाहिलीस. हे काय आहे ते नीट सांग म्हणालीस. मी सांगितलं. चार भिंतींची खोली, दोघीजणी आत, समोरच्या भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारायचा, दुसरा टप्पा पडायच्या आत परत मारायचा. भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते, तिला चेंडू लागला की पॉइंट गेला. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, एवढंच का. मग पदर कंबरेला खोचलास आणि चेंडू मारलास.

पहिले वीस-पंचवीस फटके हवेतच गेले. तू कुणाला तरी अहिराणीत शिव्या घालत होतीस, मला की चेंडूला ते अजून कळलेलं नाही. मग एक लागला. असा लागला की चेंडू भिंतीवरून येऊन माझ्या कानाजवळून गेला. मी तुझ्या मनगटाकडे बघत राहिले. मार्करकाका ज्या मनगटासाठी सात वर्षं माझ्या मागे लागले होते, ते तुझ्याकडे होतं. तू सांगितलंस की लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकायचीस, बाजरी निसवल्यापासून खळ्यावर येईपर्यंत, दर वर्षी. मी तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडे नीट बघितलं, अक्का. जाऊ म्हणून नव्हे.

त्या दिवसापासून दुपारी आपण दोघी गायब व्हायचो.

कोर्ट केलंस ते तूच. आबांना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, तू जाऊन सांगितलंस की गोदामात उंदीर फार झालेत, भिंतींना गुळगुळीत गिलावा केला तर त्यांना चढता येणार नाही. आबांना पटलं. गवंडी आला, जमिनीला कोबा झाला. तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट करून तू भिंतीच्या तळाशी पट्टी मारलीस. गेरू कालवून मी रेघा ओढल्या. एक दिवस आबा काठी टेकत आत आले, भिंतीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्या रेघा काय उंदराईसाठी आखल्या?"

तू माझ्या हातात रॅकेट दिलीस आणि सर्व्हिस केलीस. आबा उभ्या उभ्या एक अख्खा डाव बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गड्याने गोदामात बाज आणून टाकली. आबा दुपारची झोप तिथेच काढायला लागले आणि पत्रा वाजला की डोळे न उघडता सांगायचे, गेला.

'तुम्ही'चं तर पहिल्या आठवड्यातच सुटलं. मी प्रत्येक फटक्याला 'अक्का, तुम्ही मारा', 'अक्का, तुम्हाला लागलं का' करायची. तू रॅकेट खाली ठेवलीस. "आठे तुम्ही-बिम्ही नको. आठे तू मनी जाऊ नही, मी तुनी जाऊ नही." मी तोंड उघडून 'तू' म्हणायला दोन दिवस घेतले. नंतर ते गोदामाबाहेरही तसंच राहिलं. आज तुला लिहिताना 'तुम्ही' लिहून बघितलं, दुसऱ्या कुठल्या बाईला पत्र लिहितेय असं वाटलं.

तू मला खेळात हरवशील असं नव्हतं. पण समोर हलणारं माणूस हवं असतं, आणि तू हलायचीस. लुगड्याचा काष्टा मारून तू कोपऱ्याकोपऱ्यात पळायचीस. पाच महिन्यांतच मी पुन्हा राज्याच्या स्पर्धेत उतरले आणि पहिली आले. मग पत्र आलं. मुंबईला निवड स्पर्धा होती. अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघींना परदेशी जाणाऱ्या संघात जागा. स्पर्धा पौषात.

पौषात गोदाम कापसाने भरलेलं असणार, हे मला पत्र वाचतानाच कळलं होतं. दसऱ्यापासून वेचणी सुरू व्हायची. आबा भाव चढेपर्यंत कापूस ठेवायचे, सगळं गावच ठेवायचं. मी पत्र घडी करून कपाटात टाकलं. कुणाला काही बोलले नाही. प्रकाशला मात्र दाखवलं होतं, आणि त्याने ते तुला सांगितलं.

पहिली कापसाची गाडी आली तेव्हा तू गोदामाच्या दारात उभी होतीस. गाडी वळवायला लावलीस, घराच्या दारी नेलीस आणि मजुरांना म्हणालीस, "कापूस मनी खोलीमा भरा."

खेड्यात घरात कापूस भरतात, त्यात नवल नाही. पण तुझी एकच खोली होती, आणि तुम्ही चौघं त्यात राहत होता. चार महिने तुम्ही छताखाली हातभर जागेत कापसावर झोपलात. तुझी पोरं खूश होती, दिवसभर उड्या मारायची. भाऊजी रोज सकाळी पाठ खाजवत अंगणात यायचे आणि माझ्याकडे बघायचे. तुझ्या केसांत कायम कापसाचे पुंजके असायचे. मी काही बोलायला आले की तू म्हणायचीस, चल, गोदाममा चल.

मुंबईला तू माझ्याबरोबर आलीस. त्या क्लबातल्या गुळगुळीत जिन्यावर तू चपला काढून हातात घेतल्यास. गॅलरीत पहिल्या रांगेत, पांढऱ्या चड्ड्या घातलेल्या साहेबांच्या शेजारी, तू डोक्यावर पदर घेऊन बसलीस. मी दोन सामने जिंकले. उपांत्य फेरीत समोर मुंबईची मुलगी होती, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पाचवा डाव, दोघी सात-सातवर. तिने चेंडू समोर अलगद ठेवला. मी झेप घेऊन तो उचलला आणि ती पोचली नाही. पंचाने पॉइंट मला दिला. आणि मी हात वर केला. म्हटलं, दोन टप्पे पडले होते.

पॉइंट तिला गेला. पुढची रॅली तिने जिंकली आणि सामनाही. टाळ्या झाल्या. काही माझ्यासाठी होत्या. एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम खाली येऊन माझा हात हातात घेऊन गेले.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस. नाशिक गेलं, मनमाड गेलं. चाळीसगावला गाडी थांबली तेव्हा तू खिडकीबाहेर बघतच विचारलंस, "मंग तठे पंच कसाले बठेल व्हता?"

मी म्हटलं, अक्का, मला दिसलं होतं. खोटा पॉइंट घेऊन मला झोप आली नसती.

तू वळलीस. "आनि मी चार महिना कापूसवर निजनू, ते कसाले?"

नंतर पुढची कितीतरी वर्षं आपण हे भांडण अधूनमधून बाहेर काढायचो, पापड लाटताना, दवाखान्यात नंबरची वाट बघताना. मी म्हणायची, खरं ते खरं. तू म्हणायचीस, खरं सांगायला पंच पगारी ठेवलाय. दोघींनाही ते पाठ झालं होतं.

आता सांगते, अक्का. मला दिसलं नव्हतं. चेंडू टप्पा पडता पडता उचलला की दुसऱ्या टप्प्यानंतर, ते मला आजही ठाऊक नाही. कुणालाच नसणार. पंचाला तो चांगला वाटला होता. पण माझे पाय संपले होते, ती मुलगी अजून ताजी होती, आणि मला आतून वाटलं की मी हरणार. हरायचंच तर असं हरावं की लोक वाईट म्हणणार नाहीत. हात वर गेला तो त्यासाठी. तू इतकी वर्षं माझ्या खरेपणाशी भांडलीस, आणि तो खरेपणा नव्हताच. सांगायला हवं होतं. पण तू माझं खरं बोलणं चारचौघांत अभिमानाने सांगायचीस, मला शिव्या देऊन झाल्यावर, आणि मग माझी जीभ उचलायची नाही.

त्यानंतर दसरा आला. मला वाटलं, यंदा गोदाम गेलं. मी स्वतःच आबांना म्हणणार होते की गोदाम भरून टाका. पहिली गाडी आली. तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. माझ्याकडे न बघता तू हाताने आपल्या खोलीचं दार दाखवलंस आणि गाडीवाल्याला म्हणालीस, "आठे."

त्या वर्षी मी जिंकले. जे पॉइंट संशयाचे होते ते पंचावर सोडले.

मग पुढची सात-आठ वर्षं. पहिल्यांदा संघाबरोबर मलेशिया, मग एकटीने इंग्लंड, आणि व्यावसायिक महिला खेळाडूंच्या यादीत माझं नाव, खूप खाली, पण होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तुला विचारायच्या, धाकटीच्या घरात पाळणा कधी हलायचा. तू त्यांना ओटीत गहू घालत सांगायचीस, "तिना पायना सध्या विमानमा शे." त्या बायका पुन्हा विचारायला आल्या नाहीत.

इंग्लंडात पहिल्या दोन स्पर्धांत मी पहिल्याच फेरीत हरले. स्क्वॉशचा चेंडू गरम झाला तरच उडतो. असोद्यात पत्र्याच्या छपराखाली तो आधीच तापलेला असायचा, आपल्याला दुसरं माहीतच नव्हतं. तिथल्या थंड कोर्टात तो ओल्या चिंधीसारखा पडायचा आणि मी एक पाऊल मागे राहिलेली असायची. गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला. तू पीठ माखलेल्या हातांनी पळत आली होतीस, बूथवाल्याने सांगितलं. मी रडत होते, तू ऐकत होतीस, पैसे जात होते.

"थंडा तवावर भाकर टाकतस का?" तू म्हणालीस. "पहिले तवा तापाड."

मी प्रशिक्षकाला हे भाषांतर करून सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सरावाला अर्धा तास आधी जाऊन मी चेंडू तापवायला लागले, जोरात, एकाच भिंतीवर, हात दुखेपर्यंत. तिसऱ्या स्पर्धेत मी मानांकन असलेल्या एका डच मुलीला हरवलं. माझ्या सगळ्या खेळातला तो सर्वांत मोठा विजय. तो फोनवर सांगितला तर तू पहिलं काय विचारलंस? तिथे जेवायला पोळी मिळते का.

येताना तुझ्यासाठी पांढरे बूट आणले. कोर्टात घालायचे ते. तू ते गोदामातही घातलेस, आणि जळगावच्या बाजारातही, नऊवारीखाली. लग्नाला जाताना भाऊजींनी काढायला लावले तेव्हा तू दिवसभर फुगून होतीस.

माझा गुडघा गेला आणि मी थांबले. रडारड झाली नाही. तोवर सोनू पोटात होती आणि मला खरंच थांबायचं होतं.

आणि आता धुळ्याचं सांगते. तुझं माहेर तिथून जवळ. धुळ्यात एका जुन्या क्लबातलं स्क्वॉशचं कोर्ट बरीच वर्षं मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरत होते. ते साफ करून मुलींसाठी उघडायचं ठरलं आणि उद्घाटनाला मला बोलावलं. मुंबईची एक खेळाडू येणार होती, तिच्याशी नमुन्याचा सामना. सोनू दीड वर्षाची होती, गुडघाही जरा बरा होता. तू माहेर भेटेल म्हणून बरोबर आलीस. तुझे थोरले भाऊ, दोघी वहिन्या, भाचे, अख्खी जीप भरून आले होते. कॉलेजच्या मुली गॅलरीत दाटीवाटीने उभ्या होत्या. ती मुंबईची खेळाडू आलीच नाही. गाडी चुकली, असा निरोप आला.

संयोजकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, ताई, तुम्ही एकट्याच दोन-चार फटके मारून दाखवा. मी म्हटलं, कशाला, माझी जोडीदार आलीय. आणि तुझ्याकडे बोट केलं.

तू पन्नाशीला आली होतीस, अक्का. तू म्हणालीस, भाऊ बठेल शेत, डोकावरना पदर कसा सोडू. तेवढ्यात तुझे भाऊ, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, उठून पुढे आले. त्यांनी सोनूला तुझ्या कडेवरून स्वतःकडे घेतलं आणि एवढंच म्हणाले, "खेय."

तू पदर खोचलास. आपण नऊ पॉइंटांचा एकच डाव खेळायचं ठरवलं. पहिले पाच-सहा पॉइंट मी तुला खेळवत होते, हे कबूल करते. लोकांना रॅली बघायला मिळावी म्हणून. मग तुझ्या अंगात आलं. तू गोफणीचं मनगट काढलंस आणि चेंडू असे फिरवायला लागलीस की माझे पाय आपोआप हलायला लागले. गॅलरीतल्या मुली आधी हसत होत्या, मग गप्प झाल्या, मग तुझ्या प्रत्येक फटक्याला ओरडायला लागल्या. मी विसरले की हा नमुना आहे. मी जिंकायला खेळत होते. आठ-आठ झाले, सर्व्हिस तुझ्या हातात होती. तू मला मागच्या कोपऱ्यात ढकललंस आणि मग समोर, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे, चेंडू ठेवलास. तो उडालाच नाही. नुसता सरपटला.

तुझ्या वहिन्या रडत होत्या. भाऊ सोनूला खांद्यावर घेऊन उभे होते. आणि तू माझ्याकडे आलीस, धापा टाकत, माझी हनुवटी धरलीस आणि कानात म्हणालीस, तुनी मुद्दाम सोडा ना तो पॉइंट, मना माहेरसाठे.

मी काही बोलायच्या आत मुलींनी तुला घेरलं. नंतर जेवणं, आहेर, गाडी. तू जन्मभर तेच धरून बसलीस. कुणी धुळ्याच्या सामन्याचं काढलं की तू हसून सांगायचीस, शोभाने मान ठेवला माझा. मी नाही म्हणायचे, तू ऐकायची नाहीस. तुला वाटायचं, मी मोठेपणा देतेय.

मी सोडला नव्हता, अक्का. तू रॅकेट वळवलीस तेव्हाच मला कळलं होतं चेंडू कुठे जाणार. मी कोपऱ्यातून निघाले. दुखऱ्या गुडघ्याने, सगळा जीव लावून मी धावले.

पोचले नाही.